यूईएफआय फोरम नेमके काय ठरवते, आणि त्याचे पालन कोण करवून घेते?

प्रश्न असा आला आहे: नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना सिक्युअर बूटने (मान्य डिजिटल सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणाऱ्या सोयीने) अडवले, कारण शोधताना ‘यूईएफआय फोरम’ हे नाव समोर आले, तर ही संस्था कोणाची, संगणक कसा सुरू व्हावा हे ठरवण्याचा अधिकार तिला कोणी दिला, आणि आपल्याच पैशाने घेतलेल्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या सहीवाचून दुसरी सिस्टीम का सुरू होऊ नये?

मी बरीच वर्षे सर्व्हरच्या मदरबोर्डांसाठी फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणारा कोड, लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे या संस्थेची स्पेसिफिकेशने माझ्या टेबलावर रोज उघडी असतात. प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे तर, फोरम फक्त करार लिहिते. फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांनी एकमेकांशी कसे वागावे, कोणी काय द्यावे आणि कोणत्या क्षणी ताबा सोडावा, याचा तो करार आहे. फोरम फर्मवेअरचा कोड विकत नाही, कोणत्याही लॅपटॉपची तपासणी करून त्याला प्रमाणपत्र देत नाही, आणि आपल्या लॅपटॉपमध्ये कोणाची चावी बसवायची हेही ठरवत नाही. करार लिहिणारे एक आणि तो पाळायला लावणारे दुसरे, अशी ही रचना आहे, आणि आपल्याला झालेल्या त्रासाचे मूळ फोरमच्या कागदात नसून या दुसऱ्या भागात आहे.

हा करार का लागला हे समजण्यासाठी १९८१ सालापर्यंत मागे जावे लागते. आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये जे बायोस, म्हणजे तेव्हाचे फर्मवेअर, होते, त्याच्या मागे कोणतेही मानक नव्हते. आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत बायोसचा संपूर्ण कोड छापला होता, पण त्यावर स्वामित्वहक्क होता, म्हणजे तो वाचता येई पण उतरवून घेता येत नसे. त्यामुळे पीसीशी जुळणारी यंत्रे बनवू पाहणाऱ्या कंपन्यांना दोन स्वतंत्र गट नेमावे लागले. एका गटाने मूळ बायोसचा अभ्यास करून ते कसे वागते याचे वर्णन लिहायचे, आणि मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा कोड लिहायचा. कॉम्पॅकने स्वतःपुरते हे काम केले, आणि फिनिक्सने १९८४ मध्ये असे बायोस इतर उत्पादकांना विकायला सुरुवात केली. माझ्या मते पीसीच्या फर्मवेअरचे पहिले स्पेसिफिकेशन म्हणजे या गटांनी लिहिलेली ती वर्णनेच होत, फक्त प्रत्येकाचे वर्णन त्याच्या स्वतःच्या कपाटात बंद होते. पुढची दोन दशके संपूर्ण उद्योग ‘आयबीएमचे यंत्र जसे वागत होते तसे वागा’ या अलिखित संकेतावर चालला.

त्या संकेताच्या मर्यादा हळूहळू जाचू लागल्या. बायोस डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत आणून त्यावर ताबा देत असे. त्यातले शेवटचे २ बाइट खूण म्हणून आणि ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी गेल्यावर बूटलोडरच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रामच्या, कोडला ४४६ बाइट उरत. तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरांची डिस्क सुमारे २.२ टेराबाइटपलीकडे वापरताच येत नसे. शिवाय सारे काम प्रोसेसरच्या १६ बिटांच्या जुन्या अवस्थेत आणि १ मेगाबाइट मेमरीच्या चौकटीत चाले. नव्वदच्या दशकात इंटेल आणि एचपी यांनी आयटेनियम हा ६४ बिटांचा सर्वस्वी वेगळा प्रोसेसर बनवायला घेतला, तेव्हा हा वारसा पुढे ओढणे त्यांना अशक्य वाटले. त्या गरजेतून इंटेलने ईएफआय नावाचे नवे स्पेसिफिकेशन तयार केले. आयटेनियमला बाजाराने फारसे स्वीकारले नाही, पण त्याच्यासाठी लिहिलेली सुरुवातीची पद्धत आज जवळजवळ प्रत्येक पीसीमध्ये आहे.

तोपर्यंत ईएफआय एकट्या इंटेलचे होते. एएमडीने, किंवा इंटेलशी स्पर्धा असलेल्या अन्य कोणत्याही कंपनीने, प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या कागदावर आपले प्रोसेसर का अवलंबून ठेवावेत, हा साधा प्रश्न होता. २००५ मध्ये इंटेलने ईएफआय १.१० चा मजकूर एका ना-नफा संस्थेला दिला, आणि तीच यूईएफआय फोरम. सुरुवातीच्या अकरा प्रवर्तक कंपन्या पाहिल्या तरी संस्थेचे स्वरूप ध्यानात येते: एएमडी आणि इंटेल हे प्रोसेसरवाले, अमेरिकन मेगाट्रेंड्स, फिनिक्स आणि इनसाइड हे फर्मवेअर पुरवणारे, डेल, एचपी, आयबीएम, लेनोव्हो आणि ॲपल हे यंत्रे विकणारे, आणि मायक्रोसॉफ्ट. म्हणजे ज्यांचे हितसंबंध एकमेकांशी भिडतात तेच एका टेबलाभोवती बसवले गेले. पहिले संयुक्त स्पेसिफिकेशन, यूईएफआय २.०, २००६ मध्ये आले. पुढे आर्म, आरआयएससी-व्ही आणि चिनी लूंगआर्च या प्रोसेसरांसाठीचे नियमही त्याच ग्रंथात आले, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण एकाच कंपनीच्या मालकीचा कागद राहिला असता तर असे घडणे कठीण होते.

अधिकार कोणी दिला, याचे प्रामाणिक उत्तर असे की कोणीही दिला नाही. हे सरकारी मानक नाही. यात भाग घेणाऱ्यांनी आपापल्या सोयीसाठी केलेली ही सहमती आहे. सदस्यत्वाचे तीन स्तर आहेत. प्रवर्तक कंपन्यांचे प्रतिनिधी संचालक मंडळात बसतात, योगदानकर्ते शुल्क भरून कार्यगटांत काम करतात आणि बदल सुचवतात, तर ॲडॉप्टर हा स्तर विनामूल्य आहे आणि त्यात प्रत्यक्ष वापरणारे येतात. प्रकाशित स्पेसिफिकेशन कोणालाही पैसे न देता उतरवून घेता येते, मात्र कार्यगटातली चर्चा आणि अप्रकाशित मसुदे सदस्यांपुरते राहतात. याचा मुक्त स्रोत प्रकल्पांना दीर्घकाळ त्रास झाला, कारण मसुदा गोपनीय असेपर्यंत त्यावरचा कोड उघडपणे लिहिता येत नसे आणि कागद प्रसिद्ध झाल्यावर त्यातल्या चुका सुधारायला वेळ उरत नसे. नंतर ‘कोड आधी’ ही पद्धत मान्य झाली, जिच्यात एखादी सूचना टियानोकोर या यूईएफआय फर्मवेअरच्या मुक्त प्रकल्पात सर्वांसमोर लिहून आणि चालवून पाहिली जाते आणि मग कार्यगटापुढे ठेवली जाते. माझ्या दृष्टीने संस्थेने केलेल्या सुधारणांपैकी ही सर्वांत उपयोगी आहे.

फोरमकडे एकच ग्रंथ आहे असे नाही. यूईएफआय स्पेसिफिकेशन फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामधली सीमा सांगते. पीआय हे दुसरे स्पेसिफिकेशन फर्मवेअरच्या आतली रचना सांगते, म्हणजे मेमरी चालू होण्यापूर्वीचा टप्पा, मग ड्रायव्हरांचा टप्पा, मग बूट निवडण्याचा टप्पा, जेणेकरून एका पुरवठादाराचा मेमरी सुरू करणारा भाग दुसऱ्याच्या फर्मवेअरमध्ये बसावा. तिसरे एसीपीआय. वीज, तापमान, झोप आणि उपकरणांची यादी यांचे वर्णन करणारे हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणले होते, आणि २०१३ मध्ये ते फोरमच्या स्वाधीन झाले. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर यंत्र नीट झोपत नसेल, तर दोष बहुधा एसीपीआयच्या तक्त्यांत असतो.

करार म्हणजे नक्की काय, हे एका कलमावरून दाखवतो. बूटलोडर चालू असताना मेमरी, डिस्क आणि पडदा या साऱ्यांची व्यवस्था फर्मवेअर पाहत असते. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, ताबा देण्याच्या क्षणी बूटलोडरने ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ हा आदेश द्यायचा, आणि तिथून पुढे यंत्र ऑपरेटिंग सिस्टीमचे. पण त्याआधी बूटलोडरने मेमरीचा नकाशा मागून घ्यायचा असतो, आणि त्या नकाशाबरोबर एक क्रमांक मिळतो. आदेश देताना तोच क्रमांक परत द्यावा लागतो. मधल्या काळात एखाद्या ड्रायव्हरने मेमरीचा एखादा तुकडा जरी घेतला असेल, तरी क्रमांक जुना ठरतो, फर्मवेअर आदेश नाकारते, आणि बूटलोडरने नव्याने नकाशा मागून पुन्हा प्रयत्न करायचा असतो. पहिला प्रयत्न नाकारला गेला तरी फर्मवेअरने काही सेवा बंद करायला सुरुवात केलेली असू शकते, म्हणून त्या मधल्या अवस्थेत मेमरीशी संबंधित सेवांखेरीज दुसरे काहीही मागायचे नाही, असेही तिथे लिहिलेले आहे. ही दोन-तीन वाक्ये ज्यांनी नीट वाचली नाहीत अशांचे बूटलोडर शंभरातून एखाद्या वेळी अडकलेले मी पाहिले आहेत, आणि असा दोष शोधायला आठवडा जातो, कारण पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही.

तथापि, कागद नेमका असला म्हणजे यंत्र नेमके वागेल असे नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे एकाच नमुन्याची अनेक यंत्रे आली. लिनक्स विनातक्रार बसे, पण पुन्हा सुरू केल्यावर ‘बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही’ असा संदेश येई. स्पेसिफिकेशनप्रमाणे फर्मवेअरच्या स्थायी मेमरीत ‘बूटऑर्डर’ नावाचे एक चल असते. त्यात नोंदींचे क्रमांक ओळीने लिहिलेले असतात, आणि प्रत्येक नोंदीत बूटलोडरच्या फाइलचा पत्ता आणि माणसाला वाचण्यासाठी एक नाव असते. आम्ही तपासले तेव्हा नोंद होती, पत्ता अचूक होता आणि क्रमांकही यादीत पहिला होता. शेवटी मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या फ्लॅश चिपला चिमटा लावून तिच्यातला १६ मेगाबाइटचा संपूर्ण ऐवज वाचून घेतला आणि बूट निवडणारा भाग उकलून पाहिला. तिथे नोंदीचे नाव एका ठरावीक मजकुराशी ताडून पाहिले जात होते, आणि तो मजकूर होता ‘विंडोज बूट मॅनेजर’. ज्या नावाचा उपयोग केवळ मेनूत दाखवण्यापुरता आहे, त्यावरून नोंद स्वीकारायची की नाही हे ठरवले जात होते. स्पेसिफिकेशनमध्ये याला कोठेही आधार नाही. ज्याने ते लिहिले त्याच्यासमोर विंडोजची चाचणी उत्तीर्ण करण्याचे काम होते, आणि ती चाचणी उत्तीर्ण झाली होती.

आता पालनाचा मुद्दा. फोरमने ‘सेल्फ सर्टिफिकेशन टेस्ट’ नावाचा चाचणीसंच उपलब्ध केलेला आहे, पण नावाप्रमाणेच तो उत्पादकाने स्वतः चालवायचा आहे. फोरम प्लगफेस्ट भरवते, जिथे कंपन्यांचे अभियंते आपापली यंत्रे आणि कार्डे घेऊन येतात, एकाचे नेटवर्क कार्ड दुसऱ्याच्या बोर्डात लावून पाहतात, आणि कोणाचे काय बिघडले हे बाहेर सांगत नाहीत. ही गोपनीयता मला योग्य वाटते, कारण तिच्यामुळेच लोक अर्धवट तयार माल घेऊन येण्याचे धाडस करतात आणि दोष बाजारात जाण्यापूर्वी सापडतात. पण यांपैकी कशातही सक्ती नाही. सक्ती येते ती मोठ्या खरेदीदारांकडून, आर्मच्या जगात ‘सिस्टीमरेडी’सारख्या कार्यक्रमातून, आणि पीसीच्या जगात सर्वाधिक करून विंडोजच्या प्रमाणनातून. परिणामी स्पेसिफिकेशनमधला जो भाग विंडोज वापरते तो घासूनपुसून तयार असतो, आणि जो भाग वापरत नाही तो कित्येक यंत्रांत कोणी एकदाही चालवून पाहिलेला नसतो.

सिक्युअर बूटकडे याच दृष्टीने पाहावे लागते. स्पेसिफिकेशन चार गोष्टी सांगते: पीके ही यंत्राच्या मालकीची चावी; केईके ही याद्या बदलण्याचा अधिकार देणारी चावी; डीबी ही मान्य चाव्यांची आणि फाइलींची यादी; आणि डीबीएक्स ही नाकारलेल्यांची यादी. पीके काढून टाकली की यंत्र ‘सेटअप मोड’मध्ये जाते, आणि तिथे नवी पीके बसवणारा त्या यंत्राचा मालक ठरतो. मायक्रोसॉफ्टचीच चावी असली पाहिजे, असा नियम त्यात नाही. ती आली विंडोज ८ बरोबर, २०१२ मध्ये, जेव्हा विंडोजचे बोधचिन्ह हवे असलेल्या यंत्रांवर सिक्युअर बूट चालू असण्याची अट मायक्रोसॉफ्टने घातली. त्या वेळी इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांच्या यंत्रांवर वापरकर्त्याला ते बंद करता आले पाहिजे आणि स्वतःच्या चाव्या घालता आल्या पाहिजेत अशीही अट होती, तर आर्मच्या यंत्रांवर बंद करण्याची सोय नव्हती. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा बंद करण्याची सोय देणे डेस्कटॉप उत्पादकांच्या मर्जीवर सोडले गेले. माझ्या मते ती माघार होती आणि तिला तेव्हा अधिक विरोध व्हायला हवा होता.

लिनक्ससाठीही मायक्रोसॉफ्टची सही का लागते, याचे कारण असे की सर्व उत्पादकांच्या यंत्रांत बसेल अशी दुसरी सामायिक चावी सांभाळण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणी उचलली नाही. चावी सांभाळणे म्हणजे येणारा प्रत्येक बूटलोडर तपासणे, चूक झाल्यावर सही रद्द करणे आणि हे काम वर्षानुवर्षे करत राहणे. शेवटी लिनक्स वितरणांनी ‘शिम’ नावाचा छोटा बूटलोडर लिहिला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, आणि पुढच्या ग्रब या मुख्य बूटलोडरची आणि कर्नलची सही शिम स्वतः वितरणाच्या चावीने तपासते. २०११ च्या ज्या प्रमाणपत्रांवर ही साखळी उभी आहे, त्यांची मुदत २०२६ च्या जूनपासून संपू लागते. फर्मवेअर सही तपासताना सहसा मुदत पाहत नाही, त्यामुळे आधी सही झालेले बूटलोडर त्या तारखेला बंद पडणार नाहीत. पण नव्या सह्या २०२३ च्या प्रमाणपत्राने होतात, आणि ज्या जुन्या यंत्राच्या डीबीत ते प्रमाणपत्र पोहोचलेले नाही त्याला नवा शिम ओळखता येणार नाही.

या यंत्रणेचे खरे दुबळेपण सही रद्द करण्यात आहे. २०२० मध्ये ग्रबमधला ‘बूटहोल’ हा दोष उघड झाला, तेव्हा तीन प्रमाणपत्रे आणि सुमारे १५० फाइलींचे हॅश (फाइल ओळखण्याचे ठसे) डीबीएक्समध्ये घालावे लागले. त्यात सुमारे १० किलोबाइट जागा गेली, आणि या यादीसाठी यंत्रात सहसा ३२ किलोबाइट एवढीच जागा असते. एका दोषात एक तृतीयांश जागा संपते हे पाहिल्यावर शिमच्या विकसकांनी एसबीएटी ही पद्धत काढली, जिच्यात एकेका फाइलीऐवजी घटकाची पिढी रद्द केली जाते. २०२४ मध्ये त्याहून गंभीर गोष्ट दिसली. अनेक उत्पादकांच्या यंत्रांत पीके म्हणून नमुन्यादाखल दिलेली चाचणीची चावी तशीच राहून गेली होती, तिच्या नावातच ‘विश्वास ठेवू नका’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते, आणि तिचा खासगी भाग बाहेर फुटलेला होता. हा शोध पीकेफेल या नावाने ओळखला जातो. चार याद्यांची रचना कितीही विचारपूर्वक केलेली असो, कारखान्यात ती चावी बदलणे हे कोणाचे काम आहे हे ठरलेले नसेल तर ती रचना पोकळ ठरते.

त्याच वर्षी जानेवारीत टियानोकोरच्या नेटवर्कच्या भागात नऊ दोष जाहीर झाले. मूळ प्रकल्पात दुरुस्ती झाली तरी ती फर्मवेअर पुरवठादाराकडे, मग बोर्ड बनवणाऱ्याकडे, मग नाव लावून विकणाऱ्याकडे आणि शेवटी वापरकर्त्याकडे पोहोचते, आणि या साखळीतला प्रत्येक दुवा आपापल्या गतीने चालतो. फोरमचा सुरक्षा प्रतिसाद गट यांच्यात समन्वय साधतो, मात्र अपडेट काढा अशी आज्ञा तो देऊ शकत नाही.

आता आपल्या लॅपटॉपविषयी. सिक्युअर बूट बंद करण्याची घाई करू नका. आधी वितरणाची ताजी प्रतिमा (आयएसओ फाइल) घ्या, कारण जुन्या पेन ड्राइव्हवरचा शिम किंवा ग्रब रद्द झालेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मग फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ‘थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ अशा अर्थाचा पर्याय आहे का ते पाहा. काही नव्या लॅपटॉपांत तो कारखान्यातूनच बंद असतो, आणि मग विंडोजची सही चालते पण शिमची चालत नाही. लिनक्स बसल्यावर पुन्हा सुरू होताना नाहीसे होत असेल, तर वर सांगितलेल्या यंत्रांसारखा प्रकार असू शकतो. तशा वेळी ईएफआय पार्टिशनमध्ये ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात शिमची प्रत ‘बूटएक्स६४.ईएफआय’ (BOOTX64.EFI) या नावाने ठेवा, तिच्या शेजारी त्याच फोल्डरात ग्रबची फाइलही ठेवा. नोंद नसली तरी फर्मवेअरने हा पत्ता तपासावा असे स्पेसिफिकेशन सांगते, आणि आम्ही त्या ग्राहकाची सारी यंत्रे याच मार्गाने सुरू केली. फर्मवेअरचे आणि डीबीएक्सचे अपडेट लिनक्सवर ‘एफडब्ल्यूअपडी’ (fwupd) या साधनाने येतात. ते चालवताना लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या, विंडोजच्या पार्टिशनवर बिटलॉकर हे एन्क्रिप्शन असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, आणि ‘ईएफआयव्हार्स’ या फोल्डरातल्या फाइली हाताने पुसू नका, कारण त्या दिसायला फाइली असल्या तरी प्रत्यक्षात फर्मवेअरची चले आहेत आणि ती पुसल्यामुळे काही यंत्रे कायमची निकामी झालेली आहेत.